मनातले बोलणे, सभेत बोलणे

वयात येणाऱ्या मुलाला बोलणे सर्वांत अवघड जाते ते घरातल्याच माणसांशी. मोहनदास गांधी १५ वर्षांचे होते. भावाचे सुमारे २५ रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्यांनी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. तोंडाने कबुली देण्याचे धैर्य होईना. म्हणून त्यांनी ती चिठ्ठीत लिहिली आणि आजारी वडिलांच्या हाती देऊन समोर बसून राहिले. वडिलांनी चिठ्ठी वाचली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. रागाचा एक शब्दही काढला नाही. पालक बहुधा नेमके उलटे करतात. मुलाचे वाक्य पुरे होण्याआधीच उपदेश सुरू होतो, आणि पुढच्या वेळी मूल गप्प राहते.

सभेची भीती मात्र गांधीजींना पुष्कळ वर्षे सुटली नाही. इंग्लंडमध्ये एका सभेत लिहून आणलेले भाषणही त्यांच्यासाठी दुसऱ्याला वाचावे लागले. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहताच त्यांचे डोके गरगरू लागले; एकही प्रश्न न सुचल्याने ते खाली बसले आणि त्यांनी फी परत केली. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियातील हिंदी लोकांपुढे ते प्रथमच नीट बोलले. विषय होता व्यापारातील सचोटी. त्याची त्यांनी तयारी केली होती, आणि समोरच्यांना काही सांगण्याची तळमळही होती.

मुलाचे पहिले भाषणही असेच ठरवावे: विषय त्याच्या ओळखीचा, श्रोते घरचे चार जण, हाती पाठ केलेल्या मजकुराऐवजी तीन-चार मुद्द्यांचे टिपण.