कोयत्याचा हिशेब

(धड्याचें वाचन : रूथ, अध्याय २ व ४, अनुवाद २४:१४, १५, याकोब ५:४)



बीड, आष्टी, पाथर्डी, शेवगांव ह्या बाजूच्या गांवांत जो कोणी उपदेशक राहतो, त्यास दसरा-दिवाळीच्या सुमारास एक देखावा दरसाल पाहावयास मिळतो. ट्रक व ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. त्यांत भांडीं, पांघरुणें, शेळ्या, कोंबड्या व तान्हीं मुलें चढविलीं जातात. आणि आठवडाभरांत गांव ओस पडतें. मग रविवारच्या उपासनेस म्हातारीं माणसें व त्यांच्या स्वाधीन केलेलीं नातवंडें एवढींच काय तीं उरतात. आपले लोक ऊसतोडीस गेलेले असतात.

पुष्कळ वर्षें आम्हीं त्या गाड्यांजवळ उभे राहून प्रार्थना केली व प्रवास सुखाचा होवो असें म्हणून निरोप दिला. परंतु जाणाऱ्या एकाही बहिणीस आम्हीं असें विचारलें नाहीं कीं, बाई, उचल किती घेतली, ती कोणाच्या हातीं पडली, आणि तिचा कागद कोठें आहे? पुढें एका हंगामांत आमच्या मंडळींतील एक बहीण विधवा झाली. ती मुलाबाळांसह गांवीं परतली, तेव्हां थोड्याच दिवसांनीं मुकादम दारीं आला. नवऱ्याची उचल फिटलेली नाहीं, तरी पुढील हंगामीं तूं व तुझा थोरला मुलगा चला, असें त्यानें सांगितलें. मुलगा तेरा वर्षांचा. ती बहीण आमच्याकडे येऊन म्हणाली, "पाळकसाहेब, माणूस मेला तरी उचल मरत नाहीं काय?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांस देतां आलें नाहीं, हें आम्ही लाजेनें कबूल करितों. तें शोधण्याकरितां जो अभ्यास आम्हीं केला, तोच आज धड्याच्या रूपानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

१. कोयता म्हणजे काय?

ऊसतोडीच्या भाषेंत नवरा-बायको मिळून जो जोड होतो, त्यास 'कोयता' म्हणतात. एकटा मनुष्य असला तर तो 'अर्धा कोयता'. हत्याराचें नांव जिवंत माणसांस दिलें आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. साखर कारखान्याचा करार मुकादमाशीं असतो. मुकादम हंगामापूर्वीं कोयत्यास उचल देतो आणि हंगामभर टनामागें ठरलेल्या दरानें ती फेडून घेतो. दिवाळीपासून होळी-पाडव्यापर्यंत हें काम चालतें.

हें असें कां घडतें? जेथें ऊस पिकतो तेथें पाणी आहे. तोडणारे जेथून येतात तेथें तें नाहीं. अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्याचेंच उदाहरण घ्या. त्याच्या उत्तरेस लोणी येथें सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, आणि त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यांतून लोक कोयता घेऊन बाहेर पडतात. आळसानें किंवा हौसेनें कोणी घर सोडीत नाहीं. पोट हें सोडावयास लावितें.

आतां बहिणीचा दिवस पाहा. पहांटे तीन-चार वाजतां ती उठते, पाणी भरते, भाकरी थापते, लेंकरूं पाठीशीं घेते व उजाडण्यापूर्वींच फडांत उभी राहते. नवरा बहुधा ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढविते. गाडी रात्रीं आली तर रात्रीं भरावी लागते. कोपीवर परतल्यावर चूल पुनः तिचीच. आजारीपणामुळें एक दिवस खाडा पडला, तर त्याची रक्कम हिशेबांतून वजा होते.

२. टन कोणाच्या नांवावर?

जानेवारी २०२४ मध्यें मजूर संघटना व साखर कारखान्यांचा संघ यांच्या वाटाघाटींत तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ मान्य झाली. ही गोष्ट चांगली झाली. परंतु टन कोणाच्या नांवावर लिहिला जातो? बोलणी पुरुषाशीं, अंगठा पुरुषाचा, उचल पुरुषाच्या हातांत, हिशेबही त्याच्याशीं. जी बहीण अर्धा भार उचलते, तिचें नांव वहींत नाहीं. ज्याचें नांव नाहीं त्याची मजुरी नाहीं, व त्याची तक्रारही कोणी ऐकत नाहीं.

आपल्या देशाची राज्यघटना १९५० पासून अमलांत आहे. तिच्या ३९ व्या अनुच्छेदांत स्त्रीपुरुषांस समान कामाबद्दल समान वेतन, हें धोरण राज्यास घालून दिलें आहे. आणि २३ व्या अनुच्छेदानें माणसांचा व्यापार व वेठबिगार या दोहोंस बंदी केली आहे. दिल्लींतील एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं असा निर्णय दिला कीं, गरजेपोटीं मनुष्य किमान वेतनाहून कमी मजुरींत राबतो, तेव्हां तीही वेठच होय. पाठीवर चाबूक असला तरच वेठ, असें नाहीं. उपाशी पोटही माणसास वेठीस धरितें.

रूथेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकिली आहे. ती मवाबी, परकी, विधवा, आणि दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेचणारी. शेताचा धनी बवाज आला, तेव्हां त्यानें प्रथम ही कोण, असें विचारलें. मग तीन गोष्टी ठरवून दिल्या : गड्यांनीं तिला हात लावूं नये. तहान लागली तर भरलेल्या भांड्यांतून तिनें प्यावें. आणि जेवणाच्या वेळीं तिला जवळ बसवावें. नांव, अब्रू, पाणी, अन्न. आज फडावरील बहिणीस ज्या गोष्टींची उणीव आहे, त्या ह्याच नव्हेत काय?

३. शरीराचा हिशेब

येथें एक अवघड गोष्ट बोलणें प्राप्त आहे. लाज बाळगून गप्प राहिल्यानें पुष्कळ हानि झाली आहे. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या प्रमाणांत काढलीं जात आहेत, असें २०१९ सालीं वर्तमानपत्रांतून बाहेर आलें. सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे दर सहांत सुमारें एक. सर्व देशाच्या पाहणींत हें प्रमाण शेंकडा तीनच्या आसपास आहे.

फडावर आडोसा नाहीं, स्वच्छ पाणी नाहीं, मासिक पाळींत विसांवा नाहीं. त्यामुळें विकार जडतात. औषधास जावें तर खाडा पडतो. मग 'पिशवी काढून टाक, कटकट मिटेल' असें कोणी सांगतो, कोणी कर्करोगाचें भय घालतो, आणि त्या शस्त्रक्रियेसाठीं पुनः उचल घेतली जाते. ऐन तरुणपणीं हा अवयव गेल्यानें पुढें हाडें ठिसूळ होऊं शकतात व अंगदुखी जडूं शकते. आणि त्याच अंगानें पुनः मोळी उचलावयाची असते. जी उचल शरीर कापून फेडावी लागते, तिला नुसतें कर्ज म्हणणें आम्हांस जड जातें.

४. विकणें म्हणजे काय?

कामासाठीं परगांवीं जाणें हें पाप नव्हे व गुन्हाही नव्हे. रूथ व नामी ह्याही पोटासाठीं चालत आल्या. मग मजुरी कोठें संपते आणि माणसांचा व्यापार कोठें सुरू होतो? संयुक्त राष्ट्रांनीं २००० सालीं केलेल्या करारांत ह्याची खूण दिली आहे. तींत तीन गोष्टी पाहावयाच्या : माणसास नेलें, ठेवलें किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन केलें काय, त्यासाठीं बळ, फसवणूक किंवा त्याच्या लाचारीचा उपयोग केला काय, आणि हेतु त्यास पिळून घेण्याचा होता काय. भारतानें हा करार २०११ सालीं मान्य केला.

१ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमांत ह्या गुन्ह्यास निदान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे. अठरा वर्षांखालील मूल असल्यास ती दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. त्याच कलमांत असेंही आहे कीं, फसलेल्या व्यक्तीची संमति होती, ही सबब चालणार नाहीं. 'ती आपल्या पायांनीं आली होती' असें म्हणून कोणासही सुटतां यावयाचें नाहीं.

मुलींस शहरांत घरकाम देतों, दवाखान्यांत नोकरी लावितों, चांगलें स्थळ पाहतों, असें म्हणून नेणारे लोक गांवोगांव फिरतात. ही रीत नवी नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्य प्रांतांत गेल्या, तेव्हां भुकेल्या मुलींस व विधवांस नादीं लावून नेणारे लोक त्यांनीं पाहिले, आणि त्यांच्या हातीं लागण्यापूर्वींच शेंकडो जणींस घेऊन त्या परतल्या. केडगांवचें मुक्तिसदन ह्याच कळवळ्यांतून वाढलें. आणि हेंही विसरूं नये कीं, योसेफास विकणारे परके नव्हते. ते त्याचे भाऊच होते.

५. त्या बहिणीच्या प्रश्नाचें उत्तर

माणूस मेला तरी उचल मरत नाहीं काय? वेठबिगार पद्धति नष्ट करणारा कायदा १९७६ सालीं झाला. आगाऊ रकमेपोटीं, किंवा वाडवडिलांकडून आलेल्या ऋणापोटीं, मनुष्यानें स्वतः किंवा त्याच्या घरच्यांनीं किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावें, अथवा दुसरीकडे काम करण्याची वा मोकळेपणीं हिंडण्याची त्यांची मुभा जावी, ह्यास तो कायदा वेठबिगार म्हणतो. असें ऋण कायद्यानेंच नाहींसें झालें आहे. तें वसूल करणें, किंबहुना तें फेडीचे म्हणून स्वीकारणें, हाही गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हां उत्तर हें : बाई, उचलीसाठीं तुला किंवा तुझ्या लेंकरास कोणीही ओढून नेऊं शकत नाहीं. तेरा वर्षांच्या मुलास तर कामास लावणेंच बेकायदेशीर आहे.

कोणी म्हणेल, "मजूरही दोन-दोन मुकादमांची उचल घेऊन पळून जातात; मुकादमानें आपलें घर विकावें काय?" हा आक्षेप खोटा नाहीं. आपल्या मंडळ्यांत मुकादमही आहेत, व त्यांच्याही मानेवर ऋणाचें ओझें असतें. ज्यानें लबाडी केली त्यानें ती सोडावी. परंतु खरें येणें असेल तर त्याची दाद दिवाणी न्यायालयांत मागावी. पैशाची वसुली पैशाकडून व्हावी. माणसाकडून, त्याच्या बायकोकडून, त्याच्या मुलाकडून नव्हे. बवाजानेंही जमिनीचा व्यवहार वेशींत बसून दहा वडील माणसांसमक्ष केला, काळोखांत नव्हे.

६. मंडळीनें काय करावें?

(अ) गाड्या निघण्यापूर्वीं प्रत्येक मंडळीनें एक वही ठेवावी. तींत जाणाऱ्या पतीचें व पत्नीचें, दोघांचींही नांवें, मुकादम व कारखाना यांचीं नांवें, उचलीची रक्कम, तारीख व दर लिहावा आणि त्याची एक प्रत बहिणीच्या हातीं द्यावी.

(आ) ग्रामसेवकाकडे जाऊन ऊसतोड कामगाराचें ओळखपत्र करून घ्यावें. शिधापत्रिकेवरील धान्य आतां परगांवींही मिळतें. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवें शासकीय वसतिगृहांची योजना आहे; तिची चौकशी करावी.

(इ) गर्भाशय काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर सरकारी रुग्णालयांत दुसरें मत घेतल्यावांचून होकार देऊं नये.

(ई) फडावर कोणी अब्रूवर हात घातला, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणें जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आंत तक्रार करितां येते. गुन्हा कोठेंही घडो, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यांत नोंदवितां येते. स्त्रियांस उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो; त्यासाठीं १५१०० हा क्रमांक आहे. तातडीच्या मदतीस ११२, स्त्रियांसाठीं १८१, मुलांसाठीं १०९८. हे आंकडे उपासनामंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे.

(उ) वेठींत सांपडलेल्या बहिणीसाठीं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. सोडविण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. सुटलेल्या स्त्रीस पुनर्वसनासाठीं दोन लाख रुपये, आणि विकली गेलेली किंवा अत्याचारांत सांपडलेली असल्यास तीन लाख रुपये, अशी केंद्र सरकारची २०१६ पासूनची योजना आहे.

(ऊ) कोयता पुरा व्हावा म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचीं लग्नें उरकलीं जातात. पाळकांनो, अशा लग्नास उभे राहूं नका. २००६ च्या कायद्यानें लग्न लावणाऱ्यासही शिक्षा आहे. परंतु शिक्षेच्या भयाहून त्या मुलीचें बाळपण मोठें आहे.

(ए) जी फसविली जाऊन परत आली, तिला कोठें होतीस, असें विचारण्यापूर्वीं जेवलीस काय, असें विचारा.

अभ्यासाकरितां प्रश्न : (१) आपल्या मंडळींतून किती कोयते जातात? त्यांतील बहिणींचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय? (२) बवाजानें सांगितलेल्या तीन गोष्टींपैकीं आपल्या लोकांस फडावर कोणती मिळते? (३) कर्ज व वेठ यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा. (४) आपल्यांतील मुकादमाशीं हें बोलण्यास कोण जाईल?

त्या बहिणीचा अर्ज आम्हीं लिहून दिला व तिच्याबरोबर तालुक्यास गेलों. त्यानंतर मुकादम पुनः दारीं आला नाहीं. तिचा मुलगा ह्या वर्षीं शाळेंत आहे. ती स्वतः मात्र पुनः तोडीस गेली, कारण शेतांत पाणी नाहीं. पण ह्या खेपेस जातांना तिनें कागदावर आपलें नांव लिहून घेतलें, तें दोनदां वाचून घेतलें, आणि मगच ती गाडींत चढली.