‘सर, मला काही होत नाहीये’

स्पर्धांचे दिवस जवळ आले की दवाखान्यात फिटनेस सर्टिफिकेटसाठी पोरांची रांग लागते. पालकांना माझी सही हवी असते आणि संघाच्या मॅनेजरला औषधांची यादी. दोन्ही मी देतो. पण यादी देताना एक गोष्ट दरवेळी सांगतो, आज ती इथे सविस्तर लिहितो. परगावी खेळायला गेलेल्या संघात औषधं सहसा कमी पडत नाहीत. दुखतंय हे वेळेवर कळत नाही, खरी अडचण तिथे असते, कारण मुलं दुखणं लपवतात.

त्यांचंही चुकत नाही. हॉकीचा संघ अठरा जणांचा, मैदानात अकरा. वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, की आपण ‘पोट बिघडलंय’ म्हटलं की आपल्या जागेवर दुसरा उतरणार आणि त्याने एक गोल केला की आपण उरलेले सामने बेंचवर. मग तो तापाने फणफणलेला असला तरी गार पाण्याने तोंड धुतो, जेवणाच्या रांगेत सगळ्यांबरोबर उभा राहतो, ताटातला भात शेजाऱ्याच्या ताटात सरकवतो आणि कोणी विचारलंच तर म्हणतो, ‘सर, मला काही होत नाहीये.’ मॅनेजरने पाहायचं ते त्या ताटाकडे. तोंडापेक्षा ताट खरं बोलतं.

यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्याच दिवशी करायचा. पोचल्यावर सगळ्यांना बसवून कोचनी स्वतः सांगावं, की जो वेळेवर सांगेल त्याला फार तर एखादा सामना बसावं लागेल, त्याची संघातली जागा जाणार नाही. दिलेला शब्द पाळावाही. एकदा तो मोडला की मुलं कायमची गप्प होतात. मग रोज सकाळी चहाच्या वेळी एकेकाला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारायचे: झोप लागली का, शौचाला कसं झालं, लघवीचा रंग कसा आहे, कुठे दुखतंय का. सगळ्यांसमोर विचारलं तर सगळ्यांचं उत्तर ‘ठीक आहे’ हेच येईल. एकेकट्याला विचारलं, तर दोन मिनिटांत निम्मं निदान हाती येतं.

ताप असेल तर मात्र खेळवायचं नाही. ‘पॅरासिटामॉल देऊन दोन क्वार्टर काढू’ हा हिशेब मला मुळीच मान्य नाही. गोळीने ताप उतरतो, आजार तिथेच असतो. विषाणूच्या तापात जोरात धावपळ केली तर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि ती चषकापेक्षा फार महागात पडते.

आता जागेचं बोलू. समजा, पुण्याचा एक संघ ओडिशातल्या राऊरकेलाला निघालाय. हॉकीवाल्यांना ही पंढरीच. 2023 च्या विश्वचषकासाठी बांधलेलं बिरसा मुंडा स्टेडियम तिथे आहे आणि ज्या सुंदरगड जिल्ह्यात हे गाव येतं, त्याच जिल्ह्याने दिलीप तिर्कीसारखा खेळाडू देशाला दिला. आझाद हिंद एक्स्प्रेसने निघालं तर प्रवासातच एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवस जातो. डब्यात मुलं झोपत नाहीत. पत्ते, गाणी, भेंड्या, प्रत्येक स्टेशनवर वडे. पोचल्यावर दुसऱ्या सकाळी सात वाजता सामना असेल तर तो संघ निम्मा तिथेच हरलेला असतो. म्हणून माझा आग्रह आहे, की पहिल्या सामन्याआधी एक पूर्ण मोकळा दिवस हातात असावा. तिकिटं काढणाऱ्यांनी खर्चाचा मुद्दा काढला तर त्यांना सांगा, की किशोरवयीन मुलाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते आणि ती बर्थवर बसून होत नाही. मोकळ्या दिवशी संध्याकाळी टर्फवर हलका सराव करा, चेंडू कसा उसळतो, पाणी मारल्यावर तो किती पळतो ते पाहू द्या, आणि लवकर झोपवा.

मुक्काम बहुधा एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा वसतिगृहात असतो. जमिनीवर गाद्या, एका खोलीत दहा-बारा जण, बाहेर दोन-तीन नळ. पहिल्या रात्री खोलीत लहान वयाच्या मुलांचं पोट दुखायला लागतं. बरेचदा ते पोट नसतं, घर आठवत असतं. अशा वेळी अँटासिड देण्याआधी शेजारी बसून थोड्या गप्पा मारा. घरी फोन संध्याकाळीच करू द्या, झोपायच्या वेळी नको. आणि आयांनो, तुम्हीसुद्धा फोनवर ‘जेवलास का रे’ विचारताना आवाज घट्ट ठेवा. रात्री दहाला सगळे मोबाइल मॅनेजरच्या पिशवीत. त्यावर कुरकुर होणारच. गोलकीपरचं किट खोलीबाहेर वाळत घाला, त्याच्या वासाने सबंध खोलीची झोप उडते हे मी विनोदाने लिहीत नाहीये. मोजे रोज धुवा, बूट उन्हात ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. टॉवेल मात्र कोणीही कोणाचा वापरायचा नाही. गजकर्ण, खरूज आणि डोळे येणं, तिन्ही अशाच वाटेने संघभर फिरतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. ओडिशात भात आणि डाळ मुबलक, पोळी क्वचित. ‘पोळी नाही’ म्हणून अर्धपोटी राहणारी मुलं मी पाहिली आहेत. भात खेळाडूला उत्तम आणि भाज्या घालून केलेला तिथला डालमा तर फारच उत्तम. सामन्याआधी साधारण तीन तास पोटभर जेवण. सकाळचा सामना असेल तर तासभर आधी केळं आणि एखादी चिक्की. सामना संपल्यावर तासाभरात पुन्हा काहीतरी खायला द्या, दुसऱ्या दिवशीही खेळायचं असतं. कापून ठेवलेली फळं, चटण्या आणि रस्त्यावरचं गोळासरबत शेवटचा सामना झाल्यावर.

पाण्याचा विषय मला जरा जास्त लिहावा लागणार आहे, कारण त्यात मुलींचे हाल होतात. मुक्कामाच्या किंवा मैदानाच्या ठिकाणचं स्वच्छतागृह घाणेरडं असलं, कडी लागत नसली, की मुली एक ठराविक गोष्ट करतात. त्या पाणीच पीत नाहीत. सकाळपासून दुपारपर्यंत दोन घोट. मग टर्फच्या उन्हात डोकं दुखतं, पायात गोळे येतात, तीन-चार दिवसांत लघवीला जळजळ सुरू होते. कोच म्हणतात, ‘स्टॅमिना कमी पडतोय.’ स्टॅमिना कुठला, बाई, पोरगी तहानलेली आहे! म्हणून मुलींच्या संघाबरोबर महिला मॅनेजर असलीच पाहिजे आणि पोचल्यावर तिने पहिली फेरी स्वच्छतागृहाची मारावी. कुलूप, बादली, मग, साबण आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा, एवढं मिळेपर्यंत आयोजकांचा पिच्छा सोडू नये. पॅडची पाकिटं मॅनेजरच्या पिशवीत असू द्या आणि ती मागायला लागणार नाहीत अशा जागी ठेवा. पाळीच्या दुखण्यात खेळायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं, कोचने नाही. गोळी लागत असेल तर ती घरून डॉक्टरांनी सांगितलेलीच असावी.

प्रत्येकाची बाटली वेगळी, त्यावर नाव. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद असेल तर नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात, एकाच वेळी पूर्ण विरघळवायचं. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ओतू नका. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातली गोड, रंगीत पेयं ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

हॉकीचा चेंडू दीडशे ग्रॅमच्या वर भरतो आणि दगडासारखा कडक असतो. म्हणून तोंडात माउथगार्ड आणि पायाला शिनगार्ड यावर वाद नको, सरावातही नको. पेनल्टी कॉर्नर अडवायला धावणाऱ्याने मास्क घालायचाच. तरी एखाद्याचा पक्का दात मुळासकट निघालाच, तर तो शोधा, वरच्या पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने क्षणभर धुवा. जमलं तर तिथल्या तिथे त्याच्या खाचेत बसवा आणि मुलाला रुमाल दाताखाली धरायला सांगा. नाही जमलं तर दात कपभर दुधात टाका आणि तासाभराच्या आत डेंटिस्टकडे पोचा. दूध शोधायला लांब जावं लागत नाही, मैदानाबाहेर चहाची टपरी असतेच.

डोक्याला चेंडू किंवा स्टिक लागली तर मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी यातलं काहीही दिसलं तर थेट मोठं हॉस्पिटल. टर्फवर घसरून खरचटलं तर साबण आणि भरपूर स्वच्छ पाणी. हळद, टूथपेस्ट, कॉफी पावडर काही लावू नका. आपल्या लसीकरणात धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते, ती झाली आहे का हे निघण्याआधीच पाहून ठेवा.

औषधांच्या डब्यात काय नसावं, हे जास्त महत्त्वाचं. ॲस्पिरिन नको. उरलेल्या अँटिबायोटिक्स नकोत. कोणाच्या तरी काकांनी दिलेली ‘ताकदीची’ पावडर अजिबात नको. ज्युनिअर स्पर्धेतही उत्तेजक चाचणी होऊ शकते आणि सर्दीच्या काही गोळ्यांत, स्टेरॉइडच्या गोळ्यांत बंदी असलेले घटक असतात. दम्याच्या मुलांचा सॅलब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मात्रेत चालतो. तो मॅनेजरकडे नको, मुलाच्या स्वतःच्या खिशात हवा. प्रत्येकाचं वजन, ॲलर्जी, रक्तगट आणि पालकांचा फोन एका कागदावर लिहून दोन प्रती करा. पॅरासिटामॉलसुद्धा वजनावर ठरतं, एका वेळी किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम.

शेवटचं, आणि हे घरी परतल्यावरचं आहे. ओडिशाने 2017 नंतर मलेरियाचे रुग्ण बरेच खाली आणले, पण सुंदरगडसारख्या भागातून तो गेलेला नाही, आणि तिथे आढळतो तो मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा प्रकार. तिथे संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला डास पळवणारं मलम आणि झोपताना मच्छरदाणी. आधी गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा. डास चावल्यावर ताप यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर संघ पुण्यात परत आलेला असतो, चषक शाळेच्या कपाटात गेलेला असतो आणि ताप आला की सगळे ‘व्हायरल असेल’ म्हणून मोकळे होतात. परतल्यापासून महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘मूल राऊरकेलाला खेळायला गेलं होतं.’ आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या.