मुलं ज्यांचं ऐकतात ते अण्णा

घरात विचारलेल्या प्रश्नाला ‘हं’ आणि ‘नाही’ एवढंच उत्तर देणारं आपलं पंधरा वर्षांचं लेकरू शनिवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात यूथ पास्टरांशी भान हरपून बोलत उभं असतं. आपण बाहेर गाडीत. रात्रीचा स्वयंपाक व्हायचाय, सोमवारची परीक्षा आहे, आणि मनात एक बारीकशी कळ उठते: माझ्याशी का नाही असं बोलत?

ही कळ सगळ्याच आईबापांना ठाऊक आहे. बंगळुरूत ती जरा जास्त जाणवते. आउटर रिंग रोडवरून घरी पोचेपर्यंत आपल्यातच बोलायचं त्राण उरत नाही. शिवाय आमच्यासारख्या नगरकडून आलेल्यांना गावाकडची सवय. तिथे शब्बाथ शाळा, तरुण संघ सगळं मराठीत, आणि पाळकसाहेबांच्या घरातली माणसंसुद्धा ओळखीची. इथे उपासना इंग्रजीत आणि यूथ पास्टर परप्रांतातले. बेन्सन टाउनजवळचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज 1910 पासून देशभरातल्या तरुणांना पाळकपणाचं शिक्षण देतंय, म्हणून या शहरात असे पुष्कळ जण भेटतात. मुलं त्यांना ‘अण्णा’ म्हणतात. आपण त्यांना एवढंच विचारतो, “किती वाजता सुटणार?”

खरं तर विचारण्यासारखं किती असतं! तुमचं लहानपण कुठे गेलं? आई-वडील काय करतात? विश्वास तुम्हाला घरातून मिळाला, की स्वतः शोधावा लागला? आणि प्रार्थना, बायबल सोडून तुम्हाला काय आवडतं?

ही उत्तरं का हवीत, हे मला आपल्या रेव्हरंड टिळकांकडे पाहून पटलं. नारायण वामन टिळक. त्यांची भजनं ‘उपासना संगीता’त आपण लहानपणापासून गातो, पण माणूस म्हणून ते मुलांना आपण कधी सांगितलेत?

1861 साली कोकणात करजगावला त्यांचा जन्म झाला. वडील फार कडक. मायेची होती ती आई, आणि तीही गेली तेव्हा ते अकरा-बारा वर्षांचे होते. त्यानंतर घर सोडून त्यांनी नाशिक गाठलं आणि परक्यांच्या आधाराने शिकले. पुढे 1893च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी कवितेवरून बोलणं निघालं. उतरताना त्या गृहस्थांनी त्यांना बायबल दिलं. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक हलून गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आकाशच कोसळलं. पत्नी लक्ष्मीबाई छोट्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. आपल्या मनाने विचार करून त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घरात असेल तर हा भाग मुलांबरोबर जरूर वाचा. श्रद्धेचा प्रवास किती रडवतो आणि तरी माणसं एकमेकांना कशी सोडत नाहीत, ते त्यात आहे.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती 1907 नंतरची गोष्ट. जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमऱ्याने कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ झाला. टिळकांनी त्या पोराला नगरला आपल्या घरी नेलं. घर ख्रिस्ती पाळकाचं, मुलगा ब्राह्मणाचा. त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल, याचा विचार माझ्यातली आई नेहमी करते. तो तिथे राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचं प्रेम त्याला मिळालं, त्याची कविता बहरली. ख्रिस्ती मात्र तो झाला नाही. आणि तरीही त्या घरात तो त्यांचाच होता. फुलांवर आणि मुलांवर जीव टाकणाऱ्या टिळकांकडे त्याला कवितेने ओढलं होतं.

आपल्या मुलांचंही असंच असतं. ती अण्णांकडे आधी गिटारसाठी जातात, फुटबॉलसाठी जातात. मग एखाद्या दिवशी हळूच विचारतात, “देव खरंच ऐकतो का?” हा प्रश्न आपल्यासमोर काढायला ती घाबरतात. आईला वाईट वाटेल, बाबा रागावतील, असं त्यांना वाटतं. तो प्रश्न न दचकता ऐकून घेणारं मोठं माणूस त्यांना मिळालं, तर ते आपल्याही भल्याचंच आहे.

पण डोळे उघडे ठेवायलाच हवेत. मुलांच्या भेटी चारचौघांत होतात का, दुसरं मोठं माणूस हजर असतं का, रात्री उशिरा खासगी मेसेज तर येत नाहीत ना, हे विचारण्यात संकोच कसला? चांगल्या पाळकाला त्याचा राग येणार नाही. “हे घरी सांगू नकोस” असं जो मुलाला सांगतो, त्याच्याकडे मूल पाठवायचं नाही. त्याची भक्ती कितीही मोठी असो. मला स्वतःला, सगळी उत्तरं तयार असलेल्या पास्टरांपेक्षा आपल्या शंका मोकळेपणाने सांगणारे जास्त भरवशाचे वाटतात.

आणि जे त्यांना विचारायचं, ते मुलांनी आपल्यालाही विचारलं तर? आपण प्रार्थना का करतो, कधी करवली नाही, कुठल्या वर्षी देवावर रुसलो होतो... हे आपल्या तोंडून त्यांनी क्वचितच ऐकलेलं असतं. जेवताना सहज सांगून बघा. भाषण नको, दोन वाक्यं पुरेत. मूल लगेच काही बोललं नाही तरी चालेल.

घरापासून दूर राहणाऱ्या त्या तरुण पाळकालाही आईच्या हातच्या जेवणाची आठवण येत असेलच. येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांना घरी बोलवा. साधं वरण-भात, बटाट्याची भाजी चालेल. मुलांना शेजारी बसवा, आणि अण्णांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा.