मन वळविणारे क्रियापद

लातूर

चि. बाळ यास,

नांदेडहून धाडलेले तुझे पत्र पोहोचले. ‘मेतानोएओ’ या ग्रीक क्रियापदासाठी मराठी शुभवर्तमानात ‘पश्चात्ताप करणे’ हा प्रतिशब्द योजिलेला पाहून तुझ्या मनात जो संशय उत्पन्न झाला, तो रास्त आहे; कारण पश्चात्तापात मागाहून होणारा दाह आहे, तर त्या क्रियापदात ‘मेता’ म्हणजे नंतर किंवा पालट, आणि ‘नोएओ’ म्हणजे जाणणे, एवढेच असून तापाचा लवलेशही नाही. जुन्या ग्रीकांत मागाहून ध्यानी येणे, मत बदलणे, इतकाच त्याचा अर्थ. परंतु शुभवर्तमानकारांच्या कानी इब्री संदेष्ट्यांची ‘शूव’, म्हणजे परत फिरा, ही हाक घुमत असल्यामुळे त्या क्रियापदात साऱ्या आयुष्याचे वळण येऊन मिळाले. आपल्या मुलखात निजामी अमदानीपासून सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘तौबा’चाही अरबी मूळ अर्थ परतणे हाच.

यंदा पेरणीच्या वेळी मी धुऱ्यावर उभा होतो. तास संपताच गड्याने तिफण उचलली, कासरा ओढला, बैल वळले आणि आले त्या दिशेकडे तोंड करून नव्या तासाला लागले. तुझे क्रियापद मला तेथे दिसले.

तथापि शब्दाचे अवयव फोडून त्यावरच सिद्धांत उभारण्याचा मोह आवर. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या पस्ताव्यास शुभवर्तमानकार मत्तयाने ‘मेतामेलोमाई’ हे निराळे क्रियापद घातले, हे खरे. पण येशूच्या दाखल्यातील, आधी बापाला नकार देऊन मग द्राक्षमळ्यात कामास गेलेल्या मुलालाही त्याने तेच लाविले आहे. व्युत्पत्तीची साक्ष अवश्य काढावी, फैसला मात्र वाक्याकडून घ्यावा.

मराठी प्रतिशब्द निवडताना पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी केडगावी ग्रीक व इब्री यांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित बायाबापड्यांना उमजेल अशा सोप्या मराठीत अवघे बायबल उतरविले. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. एवढी विद्वत्ता असताना त्यांनी जड शब्दांचा सोस धरला नाही, याचे मोल मला फार वाटते. ‘पश्चात्ताप’ शब्द मराठीत रुजला आहे, तो उपटू नकोस. प्रवचनात त्याच्या शेजारी ‘मन वळविणे’ ठेव, म्हणजे ऐकणाऱ्याला रडून मोकळे होण्यापलीकडचे काही उमगेल.

मत्तयाचे एकविसावे व सत्ताविसावे अध्याय मुळातून वाच, आणि यहूदा व तो मुलगा यांच्याविषयी तुझे मत पुढल्या पत्री सविस्तर कळीव.

तुझा मामा