लेबल झाकून

माळशिरस तालुक्यात पिकलेल्या द्राक्षांच्या एका वाइनवर ‘एम/एस’ अशी दोन अक्षरं छापलेली असतात. एम म्हणजे पिएरो मासी, इटलीच्या तोस्काना भागातले वाइन बनवणारे. एस म्हणजे स्टीव्हन स्परियर, मूळचे इंग्लंडचे वाइन व्यापारी. अकलूजच्या ‘फ्रातेल्ली’ कंपनीसाठी या दोघांनी मिळून ती जुळवली. सोलापुरात ही बाटली घेऊन जाणाऱ्या बहुतेकांना स्परियर हे नाव ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. तरी बागायतदाराने, दुकानदाराने आणि पिणाऱ्यानेही या माणसाची हकीकत जाणून घ्यावी, कारण तिच्यातून तिघांनाही उपयोगी पडणारं बरंच काही निघतं.

स्परियर यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये मादलेनजवळच्या एका बोळातलं वाइनचं दुकान विकत घेतलं. इंग्रज माणसाने पॅरिसकरांना वाइन विकायची, म्हणजे बाहेरच्याने येऊन सोलापूरकरांना शेंगाचटणी शिकवण्यासारखंच! पण ते स्वतः बागांमधून हिंडत, पिंपातली वाइन चाखत आणि फारसं नाव नसलेल्यांचा मालही दुकानात ठेवत. 24 मे 1976 रोजी त्यांनी आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी एक चाचणी घेतली. नऊ फ्रेंच परीक्षक, फ्रान्सच्या नामवंत वाइन आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाइन. कुठल्या पेल्यात काय आहे हे परीक्षकांना कळणार नाही, अशी व्यवस्था होती. निकालात पांढऱ्यांमध्ये शॅटो माँटेलेनाची 1973 ची शार्दोने पहिली आली आणि तांबड्यांमध्ये स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबर्ने सोव्हिन्यों. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. स्टॅग्ज लीपची ती बाग तर 1970 मध्ये लावलेली, म्हणजे वेली जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. शतकांची परंपरा सांगणारी फ्रान्सची मूतों रोथशिल्ड दुसऱ्या क्रमांकावर राहिली.

तिथे ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर हे एकच पत्रकार हजर होते. त्यांनी बातमी दिली नसती, तर प्रकरण चाचणी झाली त्या हॉटेलच्या दालनातच मिटलं असतं. फ्रेंच मंडळींनी पुढे अशी सबब पुढे केली की आमची वाइन मुरायला वेळ घेते, अमेरिकेची लवकर उतरते. 2006 मध्ये त्याच जुन्या तांबड्या वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने पटकावले.

आता दुसरी बाजू. जिभेच्या बाबतीत इतका चोख असलेला हा माणूस पैशाच्या बाबतीत तितकाच भाबडा होता. तरुणपणी वारशाने आलेली मोठी रक्कम भलत्यासलत्या गुंतवणुकीत गेली. पॅरिसचं दुकानही अखेर विकावं लागलं. हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. 2021 मध्ये ते गेले. माल ओळखणं आणि धंदा ओळखणं या दोन निराळ्या विद्या आहेत, हे ध्यानात ठेवून आपल्याकडच्या बागांकडे पाहिलं, तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. 2007 मध्ये भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. त्यांच्या सोबतीला सातवे मासी. म्हणून त्यांच्या एका मानाच्या वाइनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथे सुमारे 240 एकरांवर बागा उभ्या राहिल्या. फ्रान्सहून बारा जातींची साडेतीन लाखांच्या आसपास रोपं आली. उसाच्या मुलखात सांजोव्हेजेसारखं इटालियन द्राक्ष! गावातल्या जाणत्यांनी भुवया उंचावल्या असतील, तर त्यांना दोष देता येत नाही.

युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून इथल्या बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, असा काळ त्यांना मानवतो. हे वेळापत्रक तोस्कानातून उचलून आणता येत नाही. ते इथल्या बागायतदाराकडूनच शिकावं लागतं, आणि सोलापूर जिल्ह्यात तशा शिक्षकांची वाण कधीच नव्हती. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेस या खायच्या द्राक्षातून ‘सोनाका’ ही जात निवडली, ती याच मातीत.

पण इथेच एक फसगत होते. खायच्या द्राक्षात तरबेज असलेल्या बागायतदाराला वाटतं, वाइनचं द्राक्ष म्हणजे त्याचंच भावंड. खायच्या द्राक्षाचा मणी फुगवायचा असतो, वाइनच्या द्राक्षाचा लहानच बरा. त्याची साल जाड असते आणि आत बिया असतात. उत्पादन मुद्दाम कमी ठेवायचं असतं. काळ्या कसदार जमिनीत वेल पानांनी माजते, म्हणून हलकी, निचऱ्याची जमीन पाहावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: थॉमसनचा भाव पडला, तर माल बेदाण्याच्या शेडवर टाकता येतो. कॅबर्नेचा बेदाणा कोण घेणार? बाजारात नेली, तर बियांमुळे कोणी हात लावत नाही. गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिने पाठ फिरवली की घड वेलीवरच वाळतात.

हे नुसतं भय नव्हे, असं घडून गेलेलं आहे. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वायनऱ्यांना अबकारी करात सूट दिली आणि विंचूर व पलूस इथे वाइन पार्क काढले. भराभर वायनऱ्या झाल्या, त्यांच्या भरवशावर बागा लागल्या. मग 2008 ची मंदी आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्याच राहिल्या, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा मुळासकट काढल्या. नारायणगावची शामराव चौगुलेंची इंडाज ही या धंद्यातली आद्य कंपनी. 1980 च्या दशकात तिने फेसाळ वाइन परदेशी पोहोचवली होती. पुढे परदेशातच कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला आणि याच काळात ती कोसळली. तिची वाइन वाईट होती म्हणून नव्हे.

अकलूजला निभावलं त्यामागे एक साधं कारण दिसतं: बाग आणि वायनरी एकाच घरची. जो हे पाहून मोहोळला किंवा बार्शीला दोन एकर शिराझ द्राक्षं लावायला निघेल, त्याने आधी करार हातात घ्यावा. त्यात दर द्राक्षातल्या साखरेवर कसा ठरणार, तोडणीचा दिवस कोण ठरवणार, जानेवारीत अवकाळी आला तर नुकसान कोणाच्या माथी आणि पैसे किती हप्त्यांत, हे लिहिलेलं असावं. वायनरीत जाऊन टाक्या मोजाव्यात. गेल्या हंगामातल्या भरलेल्या दिसल्या, तर पुढचं बोलूच नये. तोंडी शब्द देणारे भेटतात, आणि ते मनाने चांगलेही असतात. टाकीत जागा नसली की चांगुलपणाचा उपयोग होत नाही.

विक्रीच्या बाजूलाही फार हवेत राहू नये. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर गदारोळ झाला आणि तो अडकून पडला. अशा निर्णयांच्या भरवशावर बागेचं गणित मांडणं म्हणजे जुगार.

राहिला पिणारा. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 43 च्या पुढे जातो आणि वाइनला 30 अंशसुद्धा सोसवत नाहीत. एका उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकाने शहरातल्या एका दुकानातून चांगली महागाची तांबडी आणली होती. बूच काढलं तर वास थेट उकडलेल्या मनुकांचा. नाव मोठं, वर्ष चांगलं, पण बाटली रात्री पंखाही नसलेल्या खोलीत उभी राहिलेली. तेव्हापासूनची रीत अशी: बूच वर सरकलंय का, मानेवरून ओघळ आलाय का, आतली पातळी खाली गेली आहे का, हे उजेडात धरून पाहायचं. पांढरी तपकिरी दिसू लागली असेल, तर परत ठेवायची. एसी रात्रीही चालू असतो का, हे दुकानदाराला विचारायला लाजू नये. ‘तांबडी खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशातला. आपल्याकडे ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढावी.

आणि चार मित्र जमले की स्परियर यांचा प्रयोग घरी करून पाहायला हरकत नाही. तीन बाटल्या ‘सकाळ’मध्ये गुंडाळाव्यात, एक इथली, एक नाशिकची, एक परदेशी, आणि क्रमांक टाकून प्रत्येकाने आपापले गुण गुपचूप लिहावेत. सोबत कडक भाकरी असली, तर शेंगाचटणी मात्र शेवटी घ्यावी, नाहीतर तिखटापुढे तिन्ही वाइन सारख्याच लागतात. कागद सोडल्यावर परदेशी बाटलीची किंमत आणि तिला मिळालेले गुण शेजारी लिहून ठेवावेत. पुढच्या खेपेला दुकानात जाताना ती चिठ्ठी खिशात असावी.