‘गोलमाल’मधले डॉक्टरमामा कुठले?

प्रश्न : माझं माहेर पेण, सासर रोहा. परवा घरी सगळ्यांनी मिळून ‘गोलमाल’ पाहिला. बुटके, टक्कल पडलेले, हसऱ्या चेहऱ्याचे डॉक्टरमामा पडद्यावर आले तसे सासरे म्हणाले, “हा डेव्हिड. आपल्याच जिल्ह्यातला, चौलकडचा इस्रायली.” आम्ही सगळे नावावरून त्यांना गोव्याकडचे ख्रिस्ती समजत होतो. सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे का? या नटाने आणखी काय काय कामं केली? आणि आमच्या पेण-रोह्याचा या मंडळींशी काही संबंध लागतो का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं खरं आहे. पडद्यावर नुसतं ‘डेव्हिड’ असं नाव येत असे, म्हणून तुमच्यासारखा अनेकांचा समज झाला. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल. रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याला लागून असलेलं हे जुनं बंदर. तुमच्या नदीच्या तोंडाशी असलेलं गाव त्यांच्या आडनावात आहे.

डेव्हिड बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. या समाजाची परंपरा अशी की पूर्वज येत असलेलं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून हा वंश वाढला. ही मंडळी कोकणातल्या गावागावांत वसली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी, बायकांचा पोशाख नऊवारी आणि आडनाव गावाचं. किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर. त्यातच पेणकर आहेत, रोहेकर आहेत आणि नदीपलीकडच्या अष्टमीचे अष्टमकरही आहेत. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. उरलेलं अर्धं शेवटी सांगतो, कारण ते फार मोलाचं आहे.

आधी डेव्हिड यांच्या कामाबद्दल.

त्यांचा जन्म 1909 सालचा. मुंबई विद्यापीठातून 1930 मध्ये ते बी.ए. झाले. त्यानंतर सहा वर्षं नोकरी शोधत राहिले, पण मनासारखं काही हाती लागलं नाही. दरम्यान सरकारी लॉ कॉलेजात वकिलीचा अभ्यास चालू होता. ती पदवी हातात पडायला दोनेक महिने बाकी असताना, जानेवारी 1937 मध्ये, नयमपल्ली या चरित्र अभिनेत्याच्या ओळखीने त्यांना ‘झँबो’ या चित्रपटात काम मिळालं. सनद बाजूला राहिली आणि पुढची चार दशकं ते पडद्यावरच राहिले. शंभराहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत.

1941 च्या ‘नया संसार’पासून ते लोकांच्या लक्षात येऊ लागले. ‘इप्टा’ या नाट्यचळवळीशी त्यांचं नातं होतं. बंगालच्या दुष्काळावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1946 मध्ये ‘धरती के लाल’ काढला, त्यातही ते होते. पुढे अब्बास यांच्याच ‘शहर और सपना’तही (1963) त्यांनी काम केलं. म्हणजे हसवणारे मामा-काका ही त्यांची उतारवयातली ओळख. त्याआधी ते उपाशी आणि बेघर माणसांच्या गोष्टींत दिसले होते.

त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे 1954 चा ‘बूट पॉलिश’. निर्मिती राज कपूर यांची, दिग्दर्शन प्रकाश अरोरा यांचं. आईबापांविना उरलेली दोन भावंडं, भोला आणि बेलू, कमलाचाचीच्या पदरी पडतात आणि ती त्यांना भीक मागायला लावते. शेजारच्या झोपडीत राहणारा जॉनचाचा त्यांना सांगतो की भीक मागू नका, हातांनी काम करा. हा जॉनचाचा चोरून दारू विकतो. इतरांना सरळ मार्ग सांगणारा हा माणूस स्वतः त्या मार्गावर नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे. अशी भूमिका साध्या नटाच्या हाती गेली असती तर एक तर उपदेशाचं कीर्तन झालं असतं, नाहीतर रडारड. डेव्हिड यांनी दोन्ही टाळलं.

मुलांना मुठीत काय आहे असं विचारणारं त्यातलं प्रसिद्ध गाणं पुन्हा एकदा पाहा. शैलेंद्र यांचे शब्द, शंकर-जयकिशन यांचं संगीत. डेव्हिड यांच्यासाठी आवाज महंमद रफींचा, मुलांसाठी आशा भोसले यांचा. गाण्याची घडण प्रश्नोत्तरांची आहे. चाचा विचारतो, मुलं सांगतात. आता रफींच्या आवाजाकडे कान न देता डेव्हिड यांच्या चेहऱ्याकडे पाहा. प्रश्न विचारताना चेहऱ्यावर खेळ असतो. मुलांचं उत्तर येऊ लागलं की तो खेळ हळूहळू मावळतो आणि तो माणूस ऐकू लागतो, कारण त्या उत्तराची खरी गरज त्यालाच असते. गाणं तो म्हणतो, पण दृश्य मुलांच्या हवाली करतो. बेलूचं काम करणाऱ्या बेबी नाझची 1955 च्या कान महोत्सवात खास दखल घेतली गेली. त्या मुलीला पडद्यावर एवढी जागा मिळाली, त्यात तिच्यासमोर उभ्या असलेल्या या अनुभवी नटाचाही वाटा आहे असं मी मानतो.

या भूमिकेसाठी डेव्हिड यांना फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक 1955 मध्ये पहिल्यांदाच दिलं गेलं, म्हणजे त्या यादीतलं पहिलं नाव त्यांचं. त्याच वर्षी सहायक अभिनेत्रीचं पहिलं पारितोषिक ‘बादबान’साठी उषा किरण यांना मिळालं. वसईची उषा मराठे आणि चौलच्या घराण्याचे डेव्हिड चेऊलकर, अशी दोन मराठी नावं त्या दोन्ही याद्यांच्या माथ्यावर आहेत. मराठी माणसाने याचा अभिमान बाळगायला हवा. 1969 मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. सूत्रसंचालक म्हणूनही त्यांना मोठा मान होता. फिल्मफेअरच्या सोहळ्यांसह कितीतरी समारंभांचं सूत्रसंचालन त्यांनी केलं.

उतारवयातल्या ज्या भूमिकांमुळे ते तुमच्याआमच्या घरातले झाले, त्या बहुतेक हृषीकेश मुखर्जी आणि बासू चटर्जी यांच्या चित्रपटांतल्या. त्या एकापुढे एक ठेवून पाहिल्या की एक गंमत दिसते. ‘चुपके चुपके’त (1975) ते हरिपदभैया आहेत. शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर म्हणून जावईबुवांना घरात शिरवण्याचा कट त्यांच्या मदतीशिवाय जमला नसता. ‘गोलमाल’मध्ये (1979) डॉक्टर केदार. नोकरी देणाऱ्या भवानीशंकरला कसा तरुण आवडतो, कपडे कसे हवेत, मिशी का हवी, खेळांबद्दल अवाक्षर का काढायचं नाही, हे सगळं नायक रामप्रसादला तेच सांगतात आणि तिथूनच पुढचा सगळा घोटाळा सुरू होतो. ‘बातों बातों में’मध्ये (1979) ते टॉम अंकल. लोकलच्या डब्यात टोनी आणि नॅन्सीची गाठ घालून देणारे तेच. तिन्ही ठिकाणी ते मध्यस्थ आहेत. गुपित त्यांना ठाऊक असतं आणि ते पोटात ठेवतात. दोन माणसांमधलं अंतर त्यांच्यामुळे कमी होतं आणि काम झालं की ते बाजूला होतात.

चरित्र अभिनेत्याची खरी कसोटी इथेच लागते. नायकाची ओळख करून द्यायला लेखकाकडे अख्खा चित्रपट असतो. मामाच्या वाट्याला चारपाच प्रसंग येतात. हा मामा कोण, या घराशी त्याचं नातं किती जुनं, त्याच्या शब्दाला इथे वजन का, हे सांगायला कुणालाच वेळ नसतो. दार उघडून तो आत आला की पहिल्या वाक्यातच प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की हा इथे गेली वीस वर्षं चहाला येतो आहे. डेव्हिड यांच्याबाबतीत तसं वाटतं. खुर्चीत बसण्याची त्यांची रीत पाहा, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून मग मान हलवणं पाहा. त्यांना घाई नसते आणि नजर कॅमेऱ्याकडे भिरभिरत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘सत्यकाम’मध्ये (1969) ते रुस्तम, ‘खट्टा मीठा’त (1978) सोली, म्हणजे पारशी. जॉनचाचा आणि टॉम अंकल ख्रिस्ती. हरिपदभैया आणि डॉक्टर केदार हिंदू. स्वतः ज्यू असलेल्या नटाची ही भ्रमंती बघा. कुठल्याही घरात ते परके वाटले नाहीत. मला याचं मूळ कोकणातल्या वाडीवस्तीत दिसतं. चार घरं कोळ्यांची, दहा आगऱ्यांची, पलीकडे मुसलमान, अलीकडे ब्राह्मण, अशा गावात शतकानुशतकं मोजक्या घरांनिशी राहिलेला हा समाज. शेजाऱ्यांची बोली, सणवार, रुसवेफुगवे जाणून घेतल्याशिवाय त्यांचा निभाव लागला नसता. आपला धर्म सांभाळून दुसऱ्याच्या ओटीवर मोकळेपणाने बसण्याची ही सवय पुढे नटाच्या कामी आली, असं मला मनापासून वाटतं.

आता पेण-रोह्याचं राहिलेलं उत्तर.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी हे नाव शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. पण तो चित्रपट ज्या नाटकावर बेतला, ते नाटक लिहिणाऱ्याचं नाव जोसेफ डेव्हिड. पारशी नाटक मंडळ्यांचा हा गाजलेला नाटककार बेने इस्रायली होता आणि त्याचं आडनाव होतं पेणकर. आपल्या पहिल्या बोलपटाच्या मुळाशी तुमच्या माहेरचं नाव आहे! वाडिया मुव्हिटोनच्या ‘लाल-ए-यमन’चं (1933) लेखनही त्यांचंच, आणि नाडियाच्या ‘हंटरवाली’चे (1935) संवादही.

तुमच्या सासरचा धागा याहून जुना आहे. 1880 च्या सुमारास बेने इस्रायली मंडळींनी मराठी कीर्तनाची परंपरा सुरू केली. अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीत बांधून ते बायकामुलांसमोर सांगत. या कीर्तनकारांच्या पहिल्या पिढीत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचं नाव अग्रभागी येतं. अष्टमी म्हणजे तुमच्या घरापासून पुलापलीकडे. एकट्याने उभं राहून कधी राजा, कधी म्हातारा, कधी रडणारी आई व्हायचं आणि श्रोत्यांना दोन घटका धरून ठेवायचं, हे कीर्तनकाराचं काम. ज्या समाजाने ते आपल्या घरात रुजवलं, त्यातून पुढे नाटककार आणि नट निघाले यात नवल नाही.

1948 नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. डेव्हिड स्वतः अखेरच्या काळात कॅनडाला गेले आणि टोरांटोत त्यांचं निधन झालं. पण खुणा पुसलेल्या नाहीत. पेणमध्ये सिनेगॉग आहे, रेवदंड्याला आहे, अलिबागेत तर इस्रायल आळीच आहे. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. बेने इस्रायली घरांत आजही शुभकार्याला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळांच्या फोडी. पेणच्या पोह्यांची चव तुम्हाला मी सांगायला नको.

एक विनंती करतो. सासऱ्यांना जवळ बसवून विचारा की त्यांच्या लहानपणी रोह्यात आणि अष्टमीत कोणकोणती इस्रायली घरं होती, कुणाचा घाणा होता, शाळेत बाकावर शेजारी कोण बसायचं. ते जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा. ‘डेव्हिड’ एवढं नाव पाहून आपण सगळे त्यांना परके समजलो. ते आपले आहेत हे तुमच्या घरात एका माणसाला आठवत होतं, म्हणून आज हे उत्तर लिहिता आलं.