समुद्रातली मासळी कशी मोजतात?

नालासोपाऱ्याच्या बाजारात मासळी येते. बोंबील येतो, कोलंबी येते, मांदेली येते. पापलेट असले तर भाव ऐकूनच पुष्कळ गिऱ्हाइके पुढे सरकतात. आपल्याजवळची बंदरे म्हणजे अर्नाळा, वसईचे पाचूबंदर आणि नायगाव. तिथे होड्या लागतात, मासळी उतरते, लिलाव होतो आणि पाट्या चहूकडे जातात.

आता एक प्रश्न विचारू या. आपल्या समुद्रातून वर्षाला किती मासळी निघते, हे कोण सांगणार?

भाताचे सोपे आहे. शेताला बांध असतो, सातबाराचा उतारा असतो. खळ्यावर रास पडली की पोती मोजता येतात. समुद्राला बांध नाही आणि पाण्यातला मासा कुणाला दिसत नाही. म्हणून मासळी काठावर उतरते तिथेच ती मोजावी लागते.

हे काम आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था करते. ही संस्था १९४७ साली सुरू झाली. तिची मुख्य कचेरी केरळात कोची इथे आहे आणि मुंबईतही तिचे केंद्र आहे. राज्य सरकारचा मत्स्यव्यवसाय विभागही आपली नोंद ठेवतो.

पण मोजायची ठिकाणे किती आहेत पाहा. २०१० साली कोळ्यांच्या गावांची मोजणी झाली. एकट्या महाराष्ट्रात अशी ४५६ गावे निघाली आणि मासळी उतरण्याची ठिकाणे १५२. रोज, प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक होडीजवळ माणूस उभा करणे कसे जमणार?

इथे आपली जुनी म्हण उपयोगी पडते. शितावरून भाताची परीक्षा! सगळा भात कुणी चिवडीत नाही. एक शीत दाबले की कळते.

मोजणारे लोक तसेच करतात. महिन्यातले काही दिवस निवडतात, काही बंदरे निवडतात. ही निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी असते. आज मासळी जोरात आहे म्हणून आज जाऊ, असे चालत नाही. तसे केले तर हिशेब फुगेल. त्या दिवशी ते बंदरावर बसतात. किती होड्या लागल्या ते मोजतात. होड्या थोड्या असल्या तर सगळ्या पाहतात. जास्त असल्या तर त्यांतल्या काही निवडून पाहतात. जाळे कोणते, मासा कोणता, पाट्या किती, हे लिहून घेतात. मग गुणाकार करतात.

समजा, एका दिवशी ४० होड्या लागल्या. मोजणाऱ्याने ८ होड्या पाहिल्या. त्यांत मिळून ६४० किलो मासळी निघाली. म्हणजे एका होडीला सरासरी ८० किलो. ८० गुणिले ४० म्हणजे ३,२०० किलो. ही झाली त्या दिवसाची मासळी.

आता बंदरावर काय होते ते ऐका. मोजणारा पोरगा तांडेलाला विचारतो, "काका, आज किती मिळालं?"

तांडेल म्हणतो, "तुला कशाला रे? उद्या कर बसवाल आमच्यावर!" आणि आकडा कमी सांगतो.

समजा, त्या आठही होड्यांनी वीस-वीस किलो लपवले. मग सरासरी ६० येईल आणि त्या दिवसाची मासळी २,४०० किलो लिहिली जाईल. लपवले १६० किलो, पण हिशेबातून गेले ८०० किलो. म्हणजे न विचारलेल्या होड्यांचीही मासळी बुडाली! ही मोजणी कर बसवण्यासाठी नसते. समुद्रात मासा वाढतो आहे की आटतो आहे, हे कळावे म्हणून ती असते.

खोट्या आकड्याने नुकसान कुणाचे? आपलेच. २०२४ साली डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्र सरकारने मंजुरी दिली. असे मोठे काम समुद्रात निघाले की कोळ्याला विचारतात, "इथं तुम्हाला मिळत होतं तरी किती?" तेव्हा नुसते "पुष्कळ मिळायचं" म्हणून भागत नाही. कागद दाखवावा लागतो. वर्षानुवर्षे कमी सांगितले असेल तर कागदही कमीच बोलणार.

नोंद खरी असली तर ती कामाला येते. आपल्याच पालघर जिल्ह्यातले सातपाटी गाव पापलेटासाठी नावाजलेले. तिथल्या सहकारी संस्था पापलेट वजन करून घेतात आणि वहीत मांडतात. पापलेट कमी झाले, लहान येऊ लागले, हे म्हातारे कोळी सांगतच होते. वहीतला आकडा जोडीला आला की त्या बोलण्याला वजन येते. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा ठरला. कोणता मासा किती लहान असला तर पकडू नये, याचेही नियम त्याच साली झाले.

अजून एक मासळी आहे, ती सहसा कुणी मोजत नाही. खाडीत बाया कालवे फोडतात, शिंपल्या वेचतात. सुटीच्या दिवशी हौशी माणसे गळ टाकून बसतात. त्यांची मासळी बंदरावर येतच नाही. अमेरिकेत १९७९ सालापासून हौशी लोकांच्या मासळीचीही मोजणी होते. काठावर जाऊन विचारतात, "काय मिळालं?" आणि घरांतल्या लोकांना विचारतात, "किती वेळा गेलात?" दोन्हींचा गुणाकार करतात. खाडीवर जिचे पोट आहे, त्या बाईची मासळी तर आपण आधी मोजायला हवी. जे लिहिलेले नाही, ते बुडाले तरी कुणाला कळत नाही.

आपण आता लिहायला शिकलो आहोत. मग आपली वही आपणच ठेवू या. रोज एक ओळ पुरे.

तारीख – जाळे – मासळी – किती किलो – भाव

काही मिळाले नाही, तर त्या दिवशी शून्य लिहा. शून्य हीसुद्धा नोंदच आहे.

सांगा पाहू
१. मासळी काठावरच का मोजावी लागते?
२. १० होड्या पाहिल्या. ५०० किलो मासळी निघाली. एकूण होड्या ३० होत्या. सगळी मासळी किती?
३. तुमच्या घरातली कोणती मासळी कुणाच्याच वहीत नाही? तिची आजची ओळ लिहा.